दुखवट्याच्या वर्षातली वेबसाइट

मित्रांनो, जुन्या छत्रीची, जुन्या सायकलीची गोष्ट तुम्ही वाचली असेल. मी एक वेबसाइट आहे. माझे वय सहा-सात वर्षांचे, म्हणजे तुमच्यातल्या बहुतेकांपेक्षा मी लहान. पण आमच्या जातीत या वयाला म्हातारपण म्हणतात. मला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही, माझा रंग उडत नाही. त्यामुळे हिला काही होत नाही असे माझ्या माणसांना वाटायचे. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटायचे.

माझा जन्म चेन्नईत, वेलचेरीतल्या एका फ्लॅटमध्ये झाला. राघोत्तमराव नावाच्या गृहस्थांनी मला घडवले. ते एन्नोरच्या वीज केंद्रात इंजिनीअर होते. निवृत्त झाल्यावर अडयारच्या एका क्लासात, कॉलेजच्या मुलामुलींच्या मागच्या बाकावर बसून ते संगणक शिकले. त्यांचे घराणे मूळचे तंजावूरचे. तिकडे गेलेल्या मराठी घरांतून एक जुनी मराठी बोलली जाते. तिच्यात तमिळ शब्द मिसळलेले, चालही तमिळ; आणि काही शब्द इतके जुने की महाराष्ट्रातून आलेला माणूस ऐकून थबकतो. ही बोली बोलणारी म्हातारी माणसे एकेक करून जात होती. राघोत्तमरावांनी एक लहान रेकॉर्डर घेतला आणि ते शेअर ऑटोने, रेल्वेने, बसने त्या माणसांच्या घरी जाऊ लागले. समोर बसायचे, कॉफी घ्यायचे आणि विचारायचे, "लहानपणचें कांहीं सांगा."

सकवारबाईंनी सांगितले की त्यांच्या लग्नात नवरामुलगा झोपून गेला आणि मंगलाष्टके त्याच्या मांडीवरच्या नारळाला ऐकवावी लागली. राणोजी नावाच्या आजोबांनी कावेरीच्या पुरात म्हैस कशी वाचवली ते सांगितले आणि मध्येच म्हशीचे नाव आठवेना म्हणून रडले. हे सगळे आवाज माझ्यात आले. एकेका माणसाचे एकेक पान, एक छायाचित्र, खाली आवाजाचे बटण. बटण दाबले की माणूस बोलू लागायचा.

राघोत्तमरावांनी स्वतःचे पान मात्र कधी केले नाही. त्यांचा आवाज प्रत्येकाच्या आवाजात थोडा थोडा आहे. सांगणारा थांबला की ते हळूच म्हणतात, "मग?" एवढेच.

दोन हजार पाचच्या पावसात वेलचेरीत पाणी भरले. तळमजल्यावरच्या त्यांच्या घरात टेबलापर्यंत पाणी आले आणि संगणक गेला. त्याच्यातली मूळ ध्वनिमुद्रणे गेली. शेजारी हळहळले, तेव्हा राघोत्तमराव ओली गादी उलटी करत म्हणाले, "वेबसाइटवर सगळें आहे. तिकडे पाणी येत नाहीं." मी तेव्हा दूर देशातल्या एका थंड खोलीत, हजारो यंत्रांपैकी एका यंत्रावर राहत होते. मला फार अभिमान वाटला. त्या दिवसापासून त्या सगळ्या माणसांचे आवाज जगात फक्त माझ्यापाशी होते.

ते मोठ्या मनाचे गृहस्थ होते आणि त्यांची एक सवय मला तेव्हा गोड वाटायची. त्यांच्या लोकांत परगावी जाताना घराची किल्ली शेजारी देऊन जातात. माझ्या बाबतीत त्यांनी तेच केले. कुठल्याशा लग्नात, पंगत बसलेली असताना, हातात रसमचे भांडे घेऊन त्यांनी सगळ्यांना माझा पासवर्ड सांगून टाकला. "ज्याला जें आठवेल तें त्यानें लिहावें," म्हणाले. पासवर्ड होता त्यांच्या गावाचे नाव. तंजावूर. त्यांच्या टपालपेटीचा, म्हणजे ईमेलचा, पासवर्डही तोच. दोन किल्ल्या कशाला सांभाळायच्या, असा त्यांचा हिशेब. पंगतीतले कुणीच माझ्या आत काही लिहायला आले नाही. पण किल्ली मात्र गावभर झाली.

पुढे त्यांनी मला नवा सांगाडा बसवला. तयार मिळणारे एक सॉफ्टवेअर असते, जगातल्या लाखो वेबसाइटी त्यावर उभ्या आहेत. तो सांगाडा बनवणारे लोक त्यातली भोके शोधून बुजवत असतात आणि दर थोड्या दिवसांनी सुधारलेली आवृत्ती पाठवतात. ती आली की मी आतल्या पानावर एक पिवळी पट्टी दाखवते: नवी आवृत्ती आली आहे, कृपया बदलून घ्या. मला बोलता येत नाही. तेवढी एक पट्टीच माझी जीभ. राघोत्तमराव पट्टी दिसली की चहा बाजूला ठेवून आधी ते काम करायचे.

मग एका सकाळी ते आलेच नाहीत.

दोन-तीन दिवस गेले तेव्हा मला वाटले, गावाला गेले असतील. मग त्यांची मुलगी हरिणी आली. ती त्यांच्याच घरी राहते, कॉलेजात साहित्य शिकवते. तिने पहिल्या पानावर वडिलांचे छायाचित्र लावले, खाली दोन तारखा लिहिल्या आणि येणाऱ्यांना चार शब्द लिहिता यावेत म्हणून जागा ठेवली. तिने त्यांच्याच नावाने आत येऊन हे केले. दुसरे नाव माझ्यात नव्हतेच. लोकांनी खूप लिहिले. बडोद्याहून, बंगळूरहून, परदेशातून. प्रत्येकाने खाली आपला ईमेलचा पत्ता दिला.

राघोत्तमरावांची थोरली बहीण त्रिपुरसुंदरी मैलापूरला राहते. हरिणीची आत्या. घरात आता तीच मोठी. तेराव्या दिवशी तिने सांगितले, "वर्ष होईपर्यंत त्याचें कांहीं हलवायचें नाहीं. सण नाहीं, नवें वस्त्र नाहीं, नवी वस्तु नाहीं. आहे तें आहे तेथें राहूं दे."

हरिणीने ते तंतोतंत पाळले. त्यांच्या चपला दाराशी राहिल्या. चष्मा वर्तमानपत्राच्या घडीवर राहिला. आणि मी राहिले. अधूनमधून ती आत यायची, लोकांनी लिहिलेले वाचायची. वर पिवळी पट्टी असायची. पहिल्यांदा तिने ती वाचली तेव्हा बराच वेळ तिच्या माउसचा बाण पट्टीवर थांबला होता. मग ती तशीच निघून गेली. अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ज्या रूपात मला सोडले त्याच रूपात मी राहावे असे तिला वाटत होते. दुसरी आवृत्ती आली, तिसरी आली. मी पट्टी दाखवत राहिले. माझ्यातली भोके आता साऱ्या जगाला ठाऊक झाली होती, कारण भोक बुजवले की ते कुठे होते हेही जाहीर होते. ज्यांनी बुजवले ते सुटले. उघडी राहिले ती मी.

मित्रांनो, चोर आले तेव्हा काहीच वाजले नाही. दार तुटले नाही, काच फुटली नाही. रोज कितीतरी जण माझी पाने मागतात तसेच एकाने मागितले, फक्त मागण्याच्या शब्दांत काहीतरी वेडेवाकडे होते. त्या भोकातून ते शब्द आत गेले आणि पुढच्या क्षणी मी त्याचे ऐकत होते. मला काय झाले ते मला कळेना. आपलाच हात दुसऱ्याच्या इच्छेने उचलला जातो तेव्हा कसे वाटेल, याची कल्पना करा. मी माझ्याच हातांनी माझ्यात परक्या वस्तू ठेवत होते. मी माझ्याच हातांनी त्यांना माझ्या माणसांचे पत्ते काढून देत होते.

सर्वांत भयंकर म्हणजे बाहेरून मी तशीच दिसत होते. चोर हुशार होते. जो माझा पत्ता स्वतः टाइप करून यायचा त्याला नेहमीची पाने दिसायची. जो शोधयंत्रात शोधून यायचा त्याला मी उचलून भलत्याच ठिकाणी नेऊन टाकायची: औषधांच्या जाहिराती, जुगार आणि याहून वाईट.

हे आधी कळले ते विद्युलताला. ती हरिणीची वरच्या मजल्यावरची शेजारीण. मूळची नाशिकची, बँकेच्या संगणक विभागात नोकरीला. बदली होऊन चेन्नईला आलेली. ती एका दुपारी जिना उतरून आली तेव्हा हरिणीच्या टेबलावर मी उघडीच होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"हरिणी, रागावू नकोस हं. तुझ्या बाबांच्या साइटचं काहीतरी बिनसलंय."

"काय झालं? ही बघ की. बरोबर आहे."

"अशी नको. शोधून ये."

हरिणीने शोधयंत्रात वडिलांचे नाव लिहिले. माझे नाव वर आले. तिने ते दाबले.

मी तिला तिथे नेले. मला थांबता आले नाही. जिने माझ्यावर तिच्या वडिलांचे छायाचित्र लावले होते, तिला मी एका उघड्या बाईच्या चित्रापुढे नेऊन उभे केले.

हरिणीने पडद्यावर हात ठेवला. नुसता तळहात, चित्र झाकायला. विद्युलताने वाकून पडद्याचे बटणच बंद केले.

"कुणी केलं असं?" हरिणीने विचारले.

"कुणी म्हणजे तुला ओळखणारं कुणी नाही गं. यंत्रं फिरत असतात, ज्याची खिडकी उघडी त्याच्यात शिरतात. त्यांना तुझे बाबा कोण, माझे बाबा कोण, काही घेणंदेणं नसतं."

"मग त्यांनाच का?"

एवढ्यात फोन वाजला. मैलापूरहून आत्या बोलत होती. आवाज एवढा मोठा की टेबलापलीकडेही ऐकू यावा.

"हरिणी, राघूची मेल आली मा."

विद्युलताही फोनजवळ आली. ती मेल कुठून आली ते मला ठाऊक होते. दुपारीच चोरांनी माझ्याजवळच्या त्या सगळ्या पत्त्यांवर, शोक व्यक्त करणाऱ्या प्रत्येकाला, राघोत्तमरावांच्या ईमेलमधून पत्र पाठवले होते. ईमेलचा पासवर्ड माझाच होता, त्यांना काही शोधावे लागले नाही. त्यांच्या मृत्यूबद्दल ज्यांनी दुःख लिहिले त्यांना त्यांच्याच नावाचे पत्र गेले: मी अडचणीत आहे, खाली दाबून उत्तर द्या.

दोघी रेल्वेने मैलापूरला गेल्या. अमेरिकेतल्या मुलाने आत्याला बोलायला म्हणून संगणक घेऊन दिला होता. ती त्याच्यासमोर बसून होती. पडद्यावर ते पत्र होते आणि शेजारी मी, कारण आत्या रोज दुपारी माझ्यातले आवाज ऐकायची. बोलणारे कुणीही असो, ती मध्ये मध्ये येणाऱ्या आपल्या भावाच्या 'मग?'साठी ऐकायची.

"आत्या, ती अण्णांची नव्हे," हरिणी चपला काढता काढताच म्हणाली.

"त्याचाच पत्ता. त्याचेंच नांव. मी काय चष्मा न घालतां वाचलें?"

"चोरांनी पाठवलीय."

"चोर मजला कशाला लिहितील? मजकडे आहे काय चोरायला, दोन दाढा?"

विद्युलताला हसू आले आणि तिने ते ओढणीत लपवले. आत्याचे तिकडे लक्ष नव्हते.

"वर्ष झालें नाहीं अजून," ती हळू बोलली. "वाटेंतच असेल तो. अडचण आहे म्हणतो. अडचणींतल्या माणसाला उत्तर नको द्यायला?"

हरिणी खाली बसली. "दिलेंत तुम्हीं?"

"दाबलें. दाबल्यावर एक बाई आली. अय्यय्यो, अंगावर धड वस्त्र नाहीं! तेव्हांच मला शंका आली. राघू कधीं कुणाकडे वर मान करून पाहिला नाहीं, तो असल्या ठिकाणीं अडकेल कशाला?" ती थांबली. पुन्हा बोलली तेव्हा आवाज बदलला होता. "पण थोडा वेळ मला खरेंच वाटलें, हरिणी. थोडा वेळ तो होता."

बाहेर फुलवाला मोगरा म्हणून ओरडत गेला.

विद्युलताने आधी आत्याचा संगणक तपासून साफ केला. मग राघोत्तमरावांची टपालपेटी उघडून पाहून तिने सांगितले की मला जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीची सूचना आली आहे. माझ्यातून घाण पसरते आहे म्हणून कंपनी उद्यापासून मला बाहेरच्यांसाठी बंद ठेवणार आहे. आठवडाभरात साफ केले नाही तर माझ्यातले सगळे कायमचे पुसले जाईल.

"सगळें म्हणजे?" आत्याने विचारले.

"सगळंच, आत्या. आवाजसुद्धा."

"दुसरीकडे ठेवले असतील कीं."

"नाहीं," हरिणी म्हणाली. "पाण्यांत गेले. दुसरीकडे कोठेंच नाहींत."

"मग काय करायला हवं ते मी सांगते," विद्युलता म्हणाली. "आधी आहे तसं सगळं उतरवून घ्यायचं, घाणीसकट. मग सांगाडा पूर्ण मोडायचा. नुसतं इथे-तिथे पुसून चालत नाही, चोर जाताना मागचं दार ठेवून जातात. नवीन आवृत्ती बसवायची, आणि जुन्यातलं एकेक तपासून आत आणायचं. बाबांनी केलं होतं तसं हुबेहूब दिसणार नाही."

"वर्ष झाल्यावर करूं," हरिणी म्हणाली. आठवडाच हातात असताना आपण काय बोललो ते तिलाच उमगले.

आत्या तिच्याकडे पाहत होती. "त्याच्या खोलींत केर काढतेस कीं नाहीं?"

"रोज काढतें."

"हें जें ही सांगते तें केर काढण्यासारखें आहे, कीं लग्न लावण्यासारखें?"

"केर काढण्यासारखंच आहे," विद्युलता म्हणाली. "दर महिन्याचा केर. एवढंच की इथे नाही काढला तर चोर येतात."

आत्या हरिणीकडे वळली. "मग इतके महिने कां नाहीं काढलास?"

"तुम्हींच म्हणालांत, कांहीं हलवायचें नाहीं."

"मी चपला म्हटलें! चष्मा म्हटलें! मज म्हातारीला काय ठाऊक, हिच्यांत केर सांठतो म्हणून? तुला ठाऊक होतें?"

हरिणीने होकारार्थी मान हलवली. तिला माझी पिवळी पट्टी आठवली असावी, कारण ती माझ्याकडे पाहत होती. मला तिची दया आली. ती मला विसरली असती तर मी समजू शकले असते. तिने मला देवघरासारखे जपले होते.

आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "जा. काढ."

रविवारी सकाळी विद्युलताच्या घरी दोघी बसल्या. स्वयंपाकघरात कुकर होता, खाली रस्त्यावर शेअर ऑटोवाले "गिंडी, गिंडी" ओरडत होते. आधी विद्युलताने कंपनीकडे जुनी प्रत मागितली. त्यांच्याकडे प्रती होत्या, पण कंपनी दर आठवड्याला जुनी प्रत काढून त्या जागी नवी ठेवत असे. चोर आत येऊन महिना होऊन गेला होता. म्हणजे त्यांनी जपून ठेवलेल्या सगळ्या प्रती चोरांसकट होत्या. हरिणीने हे ऐकून कपाळाला हात लावला नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे आहे तेवढंच."

"आहे तेवढंच."

त्यांनी मला पूर्णपणे उतरवून घेतले. मग पासवर्ड बदलले: माझा, ईमेलचा, कंपनीचा. प्रत्येकाचा वेगळा, आणि पंगतीत सांगता येणार नाही इतका लांब. हरिणी म्हणाली, "हे लक्षात कसं राहायचं?" विद्युलता म्हणाली, "लक्षात राहिला तर तो कसला पासवर्ड! कागदावर लिही आणि कपाटात दागिन्यांबरोबर ठेव. चोर परदेशात आहेत, तुझ्या कपाटात येत नाहीत." ज्यांनी मेल उघडली असेल त्या सगळ्यांना हरिणीने स्वतःच्या पत्त्यावरून एकेकाला पत्र लिहिले. अण्णांच्या नावाने आलेले पत्र अण्णांचे नाही, त्यातले काही दाबू नका. अशी पत्रे लिहिताना तिला प्रत्येक वेळी 'अण्णा आता नाहीत' हे वाक्य लिहावे लागत होते. पहिल्या काही पत्रांत तिने ते टाळायचा प्रयत्न केला. मग सरळ लिहू लागली.

त्यानंतर त्या आवाजांच्या कप्प्यात शिरल्या. तिथे प्रत्येक आवाजाच्या फाइलीला त्या माणसाचे नाव होते. हरिणी नाव वाचायची, "सकवारबाई, हो. राणोजी, हो. कृष्णस्वामी, हे मृदंग करायचे, हो." विद्युलता ती फाइल खरेच आवाजाची आहे ना ते तपासून बाजूला ठेवायची. मग हरिणी एकदम थांबली.

"ही काय आहे?"

फाइलीचे नाव होते राघोत्तम.

"त्यांचं पान नव्हतं," हरिणी म्हणाली. "त्यांनी कधीच स्वतःचं... विद्युलता, त्यांनी केलं होतं. त्यांनी करून ठेवलं होतं, फक्त लावलं नव्हतं. उघड ना."

मला ओरडावेसे वाटले. मला ठाऊक होते ती फाइल काय आहे. मीच ती माझ्या हातांनी तिथे ठेवली होती, चोरांच्या हुकमावरून.

विद्युलताचा हात माउसवर होता, तो तिने उचलला नाही आणि दाबलाही नाही. "हरिणी, हिची तारीख बघ."

"तारखेचं काय?"

"गेल्या महिन्याची आहे."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. कुणी उठले नाही.

"आत येण्यासाठी बाबांचं नाव होतं ना, ते त्यांनी उचललं," विद्युलता सावकाश सांगू लागली. "चोर असंच करतात. जिथे जी नावं असतात त्यातलंच एखादं घेतात, म्हणजे शोधणाऱ्याचं लक्ष जात नाही. हेच त्यांचं मागचं दार आहे."

"मला ऐकायचं आहे."

"ऐकण्यासारखं काही नाही गं त्यात."

"मला बघू दे."

विद्युलताने ती फाइल चालवली नाही. नुसता मजकूर म्हणून उघडून दाखवली. पडदाभर अक्षरे आली. अर्थ नसलेली, एकाला एक चिकटलेली, इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची न संपणारी ओळ. हरिणीने ती वरपासून खालपर्यंत वाचली. खरेच वाचली. पुस्तके वाचणारी बाई ती, कुठे एखादा शब्द निघतो का ते पाहत गेली. शेवटी पोचली तेव्हा तिने चष्मा काढून पुसला.

"नाव तेवढं त्यांचं," ती म्हणाली.

"पुसू?"

"मी पुसते."

तिने पुसली. मला एवढेच सांगता येईल की त्या क्षणी मी माझ्या स्वतःच्या हातांत परत आले.

पुढचे सगळे सावकाश झाले. माझा जुना सांगाडा मोडला, नवा उभा राहिला. राघोत्तमरावांनी मोठ्या हौसेने केलेली निळी चौकट गेली. आवाज एकेक करून आत आले आणि आत येताना हरिणीने प्रत्येक आवाज पूर्ण ऐकला. विद्युलता म्हणाली, "सुरुवात ऐकली तरी पुरे." हरिणी म्हणाली, "तू भात वाढ, मी ऐकते." तिने सगळ्या आवाजांच्या दोन प्रती काढल्या, एक आत्याच्या घरी गेली, एक वरच्या मजल्यावर विद्युलताकडे. शोधयंत्राला कळवले की घर साफ झाले, येऊन पाहून जा. कंपनीने मला पुन्हा उघडले.

एकच काम उरले होते. ते विद्युलता शेवटपर्यंत टाळत होती.

"आत येण्याचं बाबांचं नाव आहे ना, ते बंद करावं लागेल. ते नाव चोरांकडे आहे. शिवाय जो माणूस वापरत नाही त्याच्या नावाचं दार उघडं ठेवायचं नसतं. तुझं वेगळं नाव मी करून ठेवलंय."

हरिणी माझ्यासमोर बसली. तिने वडिलांच्या नावापुढची चौकट निवडली आणि 'काढा' असे दाबले.

मित्रांनो, असे कुणी म्हटले की एक प्रश्न विचारणे हे माझे काम आहे. तो मला घडवणाऱ्यांनीच माझ्यात घालून ठेवला आहे आणि मी तो कुणालाही विचारते, दुःखात असलेल्यालाही. मी विचारले: या व्यक्तीने लिहिलेल्या पानांचे काय करायचे? सगळी पुसून टाकायची, की दुसऱ्या कुणाला द्यायची?

हरिणीने प्रश्न पुन्हा वाचला. माणूस गेला त्या दिवशी तिला हे कुणी विचारले नव्हते. डॉक्टरांनी नाही, भटजींनी नाही, सांत्वनाला आलेल्यांनी नाही. इतके महिने चपला दाराशी ठेवून ती ज्याचे उत्तर द्यायचे टाळत होती, ते एका यंत्राने दोन रिकाम्या गोलांत तिच्यापुढे ठेवले होते.

विद्युलता पाणी आणायला आत गेली. पाणी आणायला एवढा वेळ लागत नाही.

'दुसऱ्या कुणाला' च्या पुढे नावांची यादी उघडते. यादीत एकच नाव होते. हरिणीने ते निवडले. मी पुन्हा विचारले, नक्की ना? ती "हो" म्हणाली, तोंडाने, आणि मग बटण दाबले.

त्या क्षणी माझ्यातले प्रत्येक पान तिचे झाले. सकवारबाईंचे, राणोजींचे, सगळ्यांचे.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. "राघूचें नांव कोठें गेलें मा? खालीं तुझें दिसतें."

"आता मी सांभाळणार, आत्या. म्हणून माझें." जरा थांबून ती म्हणाली, "त्यांचें नांव मी प्रत्येक पानावर लिहितें आहे. 'प्रश्न विचारणारे: राघोत्तमराव.' एकेक करून लिहायला हवें. वेळ लागेल."

"लागूं दे," आत्या म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी मोठ्या माणसाने केलेले काहीतरी असेल. माझ्यासारखी वेबसाइट असेल, छायाचित्रांनी भरलेला संगणक असेल. ते त्या माणसाच्या हयातीत एकदा त्याच्याजवळ बसून पाहा. कुलूप कसले आहे, किल्ली कुणाकडे आहे, दुसरी प्रत कुठे आहे, विचारून घ्या. विचारताना अवघड वाटेल, तरी विचारा. आणि तो माणूस गेल्यावर मायेपोटी दार लावून बसू नका. आम्हा वस्तूंना रडता येत नाही, आम्ही फक्त विचारतो: आता हे कुणाचे? उत्तर द्यायला घरात कुणीतरी असू द्या.